पूर येण्याआधी, आल्यावर आणि ओसरल्यावर : वस्तीने जपायचे आरोग्य

पुण्याला समुद्र नाही. तरीही पावसाळ्याच्या रात्री पुलाची वाडी, पाटील इस्टेट, ताडीवाला रस्ता, येरवड्याची शांतीनगर-इंदिरानगर किंवा आंबील ओढ्याच्या काठच्या घरांत माणसे जागी असतात. धरणातून किती पाणी सोडले, हा प्रश्न एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर फिरत असतो. आपल्यातली कितीतरी कुटुंबे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूरकडून इथे आली. पाणी नाही म्हणून गाव सोडले आणि शहरात जागा मिळाली ती नदीच्या काठावर. आज त्याच घरांना जास्तीच्या पाण्याची भीती आहे.

पुरात बुडून माणसे जातात, हे सर्वांना दिसते. विजेच्या धक्क्याने, जुलाबाने, तापाने आणि बंद पडलेल्या गोळ्यांमुळे जाणारी माणसे मात्र पुराच्या हिशेबात धरली जात नाहीत. यातले बरेचसे मृत्यू टाळता येतात. ते कसे टाळायचे, हे या वेळी आरोग्य पानावर पाहू.

समुद्र तापतो आणि पूर पुण्यात येतो

आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो. समुद्र तापला की वाफ जास्त होते, आणि हवा जितकी गरम तितकी ती वाफ जास्त धरून ठेवते. एक अंश सेल्सियस तापमान वाढले तर हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते. हे बाष्प सह्याद्रीला येऊन धडकते आणि थोड्या वेळात पुष्कळ पाऊस पडतो. आपल्या पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ या काळातल्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना या काळात तिपटीने वाढल्या, असे त्यांना दिसले. म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस फारसा वाढला नाही तरी तो दोन-चार दिवसांत कोसळून जातो आणि बाकीचे दिवस कोरडे जातात.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर तिथे लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुण्यातही झाडे पडली, पत्रे उडाले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. चवदार तळ्यासाठी ज्या महाडला आपण दरवर्षी जातो, तेच हे महाड. किनाऱ्यावर जे घडते त्याचा धक्का घाट चढून आपल्यापर्यंत पोचतो.

नदीचा पूर वेगळा, ओढ्याचा वेगळा

पुण्याच्या वरच्या अंगाला टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला अशी चार धरणे आहेत. चारही मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते. पण वरच्या तिन्ही धरणांचे पाणी ज्या खडकवासल्यात उतरते, त्यात जेमतेम २ टीएमसी मावते. त्यामुळे ते लवकर भरते आणि पाणी मुठेत सोडावे लागते. २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकहून जास्त पाणी सोडले गेले. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. त्या हिशेबाने ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ १० लाख लिटर. दहा हजार लिटरचे शंभर टँकर एका सेकंदात रिकामे करावेत तितके. त्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या इमारतींतही पाणी शिरले. बातमीत क्युसेकचा आकडा आला की आपल्या वस्तीत मागच्या वेळी किती क्युसेकला पाणी आले होते, हे आठवून पाहावे. तो आकडा विहाराच्या किंवा मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावा. भोंग्याची गाडी येण्याआधी तोच आकडा आपल्याला सावध करील.

ओढ्याची गोष्ट वेगळी आहे. २५ सप्टेंबर २०१९ ला रात्री कात्रजच्या डोंगराकडे पाऊस कोसळला आणि आंबील ओढा अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत घरांत घुसला. त्या रात्री शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे गेली. नदीला धरणावरून सूचना येते. ओढ्याला दरवाजे नाहीत, त्यामुळे सूचनाही नाही. ओढ्याकाठच्या लोकांनी आपल्या दारातल्या पावसाकडे पाहून भागत नाही, वरच्या अंगाला काय चालले आहे ते कळायला हवे. कात्रज, पद्मावतीकडच्या एखाद्या नातेवाइकाला सांगून ठेवा : जोराचा पाऊस अर्धा-पाऊण तास थांबला नाही तर फोन कर.

तिसरा धोका मानवनिर्मित असतो. २७ सप्टेंबर २०१८ ला पाऊस नसताना, दिवसाढवळ्या मुठा कालवा फुटला आणि जनता वसाहत, दांडेकर पूल भागातल्या शेकडो घरांत पाणी शिरले. आणि १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर तर आजही घरोघरी सांगितला जातो.

निळी रेषा, लाल रेषा

नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखलेली असते. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची. यात एक गैरसमज फार आहे. पूर नुकताच येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निवांत, असे पुष्कळ जण धरून चालतात. या आकड्याचा खरा अर्थ असा की तसा पूर येण्याची शक्यता दर वर्षी २५ पैकी १ असते. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. निळ्या रेषेवर एखादे कुटुंब २५ वर्षे राहिले तर त्या काळात एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. शिवाय हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर मांडलेले असते, आणि आताचा पाऊस तसा राहिलेला नाही.

पाणी येण्याआधी : एक पिशवी, एक यादी

पुराच्या रात्री माणसे घर लवकर सोडत नाहीत. कागदपत्रे, सिलिंडर, नवी घेतलेली टीव्ही, आजारी म्हातारी आई, यातले काय आधी उचलायचे हेच ठरलेले नसते. म्हणून जूनच्या आधीच एक पिशवी बांधून उंचावर टांगून ठेवा. तिच्यात दोन गोष्टी हव्यात.

पहिली गोष्ट कागदपत्रे : आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, बँकेचे पासबुक, वीजबिल, झोपडीचा फोटोपास. सगळे प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा. प्रत्येकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकालाही पाठवा. पुनर्वसनाच्या वेळी जुना पुरावा मागतात, आणि भिजून गेलेल्या कागदासाठी पुढे वर्षभर हेलपाटे घालावे लागतात.

दुसरी गोष्ट औषधे : घरात बीपी, शुगर, दमा, फिट, टीबी किंवा एआरटीच्या गोळ्या चालू असतील तर किमान आठ-दहा दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्या पिशवीत असावी. पुराच्या धावपळीत गोळ्या सुटतात, आणि पंधरा दिवसांनी कुणाला अर्धांगाचा झटका येतो तेव्हा त्याचा संबंध पुराशी कुणी जोडत नाही. टीबीच्या गोळ्यांत खंड पडला तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. इन्सुलिन बर्फात ठेवू नका. गोठले की ते निकामी होते. मातीच्या भांड्यात ओल्या फडक्याच्या गारव्याला ते काही दिवस टिकते. सोबत ओआरएसची पाच-सहा पाकिटे, टॉर्च, शिट्टी, बाळाचे दूध-कपडे आणि सॅनिटरी पॅडही ठेवा.

यादी मात्र एका घराने करायची नसते, ती गल्लीने करायची असते. आठव्या-नवव्या महिन्याची गरोदर बाई कोणत्या घरात आहे, अंथरुणाला खिळलेले आजोबा कुठे आहेत, डायलिसिसवर कोण आहे, चालता न येणारे मूल कुणाकडे आहे, रात्रपाळीला जाणाऱ्या आईची मुले एकटी कुठे झोपतात, हे आपल्या आशाताईंना आणि महिला मंडळाला माहीत असतेच. ते कागदावर उतरवा आणि प्रत्येक नावापुढे शेजारच्या दोन धडधाकट माणसांची नावे लिहा. पाणी आले की आधी त्यांनी त्या घरी जायचे.

हे काम किती उपयोगी पडते ते ओडिशाच्या किनाऱ्याकडे पाहिले की कळते. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर त्यांनी उंचावर निवारे बांधले, गावागावांत स्वयंसेवक तयार केले, याद्या केल्या, दरवर्षी सराव केला. २०१९ ला फनी हे भयंकर वादळ आले तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

आपल्याकडे सरावासाठी वेगळा दिवस शोधायला नको. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा वर्षावासाचा काळ आणि पुराचा काळ एकच आहे. ग्रंथवाचनाला सगळी वस्ती विहारात जमतेच. वाचन संपल्यावर पंधरा मिनिटे याद्या तपासा, शिट्टी वाजली की कोण कुठे जायचे ते ठरवा, आणि सुरक्षित शाळेची किल्ली कुणाकडे असते ते विचारून ठेवा. विहार उंचावर असेल तर तिथे पिण्याच्या पाण्याची टाकी आणि मुलांसाठी सतरंज्या तयार असू द्या. विहारच सखल भागात असेल तर दुसरी जागा आत्ताच ठरवा.

पाणी आल्यावर : आधी वीज

२५ जुलै २०२४ च्या पहाटे डेक्कनच्या पुलाची वाडी भागात आपली हातगाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. पोटाचे साधन वाचवायला गेलेली ही पोरे होती. म्हणून वस्तीतल्या प्रत्येकाने हे पाठ करावे :

• पाणी घरात शिरण्याआधी मेन स्विच बंद करा. पाय पाण्यात असतील किंवा हात ओला असेल तर स्विचला हात लावू नका, तसेच बाहेर पडा.
• विजेचा खांब, डीपी, लोखंडी शटर आणि पत्र्याची भिंत यांपासून दूर राहा.
• कुणाला धक्का बसला तर त्याला हाताने ओढू नका. आधी वीज तोडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागेवर उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला बाजूला करा.
• गॅसचा रेग्युलेटर बंद करा. सिलिंडर दोरीने बांधून ठेवा, नाहीतर तो वाहून जातो.
• गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसालाही पाडते. चेंबरची झाकणे निघालेली असतात. पाण्यातून जावेच लागले तर काठी टेकत, एकमेकांना धरून जा.
• सामानासाठी परत आत जाऊ नका.

पुराच्या पाण्याबरोबर साप घरात येतात. साप चावला तर जागा बांधू नका, कापू नका, चोखू नका. तो अवयव हलू देऊ नका आणि माणसाला चालवत न नेता थेट ससूनसारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

लक्षात ठेवायचे नंबर : रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, पोलीस आणि इतर मदत ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७.

पाणी ओसरल्यावर : खरे आजार आता सुरू होतात

पिण्याचे पाणी. पुरात ड्रेनेज आणि नळाचे पाणी एक होते. नळाला स्वच्छ दिसणारे पाणी येऊ लागले तरी पुढचे काही दिवस ते उकळूनच प्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवा. गॅस नसेल तर मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाका आणि अर्धा तास थांबा. तुरटीने गाळ खाली बसतो, पण जंतू मरत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकिटवाडी, नांदेड, धायरी भागात जीबीएसची साथ आली, ती आठवा. ती पुरामुळे आलेली नव्हती. पण अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारा कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. जुलाबानंतर पायात मुंग्या, अशक्तपणा, जिना चढता न येणे असे काही जाणवले तर एक दिवसही थांबू नका, मोठ्या रुग्णालयात जा.

जुलाब. ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण कालवा. अर्धे पाकीट, अर्धा ग्लास असे करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. घोट घोट पाजत राहा. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. आशाताईंकडे झिंकच्या गोळ्या मिळतात. जुलाब थांबले तरी त्या १४ दिवस द्यायच्या. डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, चिमटा घेतलेली कातडी लवकर खाली बसत नाही किंवा शौचात रक्त आहे, तर लगेच दवाखाना गाठा.

लेप्टोस्पायरोसिस. उंदीर, कुत्री, जनावरे यांच्या लघवीतला जंतू पुराच्या पाण्यातून पायाच्या भेगा आणि जखमांवाटे शरीरात जातो. बहुधा पाच ते चौदा दिवसांनी थंडी-ताप, पोटऱ्यांत जोराच्या वेदना आणि लाल डोळे अशी लक्षणे दिसतात. वेळ गेली तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पाण्यातून चालून आला असाल तर ७२ तासांच्या आत महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन तसे सांगा. गरज असेल तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. ही गोळी गरोदर बाईने आणि लहान मुलांनी आपल्या मनाने घेऊ नये. त्यांच्यासाठी वेगळे औषध असते.

या आजाराचा सर्वांत जास्त धोका आपल्याच सफाई कामगारांना आहे. शहरातला गाळ त्यांना उपसावा लागतो, तोही अनेकदा चपलांवर आणि उघड्या हातांनी. गमबूट आणि हातमोजे ही कामाची साधने आहेत. ती देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे, मग महापालिका असो वा ठेकेदार. ती मागायला संकोच करू नका, आणि एकट्याने न मागता सगळ्यांनी मिळून लेखी मागा. कामावरून आल्यावर साबणाने पाय धुवा, भेगांना व्हॅसलीन लावा. जखम झाली असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

डेंग्यू आणि झिका. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, हंडे, कूलर, टायर आणि छतावरची ताडपत्री कोरडी करा. नळाला रोज पाणी नसेल तर पिंपाला घट्ट कापड बांधा. तापात फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूत ॲस्पिरिन किंवा ब्रुफेनने रक्तस्राव वाढू शकतो. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्णही सापडले होते. तो पोटातल्या बाळाला बाधतो, म्हणून गरोदर बायकांनी दिवसाही मच्छरदाणी वापरावी.

घराची सफाई. आधी गाळ काढा, साबणाने धुवा, मग एका बादलीत (१० लिटर) सुमारे ३०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून भिंती-फरशी पुसा. दारे-खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचिंग पावडरमध्ये फरशीचे ॲसिड कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. भिजलेले पीठ, उघडे धान्य आणि पाण्यात गेलेली औषधे जिवावर दगड ठेवून टाकून द्या.

मन. मुले रात्री दचकून उठतात, पाऊस आला की रडतात. बाईमाणूस सगळे आवरून झाल्यावर गप्प होते. पुरुष दारूकडे वळतात. हा कमकुवतपणा नव्हे, धक्क्याचा परिणाम आहे. एकमेकांशी बोला, आणि टेली-मानसच्या १४४१६ या नंबरवर मोफत सल्ला घ्या.

मागायचे काय

गाळ काढण्याआधी घराचे, सामानाचे आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढा. पंचनाम्यात आपले नाव, भाडेकरू असाल तरीही, आले की नाही ते स्वतः पाहा.

एप्रिल-मे महिन्यातच वस्तीच्या नावाने क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज द्या : नाला आणि चेंबर पावसाआधी साफ व्हावेत, ओढ्याची खचलेली सीमाभिंत बांधावी, उघड्या डीपी झाकाव्यात, निवाऱ्याच्या शाळेत शौचालय आणि पाणी असावे. अर्जाची पोच घ्या. साफ झालेल्या नाल्याचा आणि न झालेल्या नाल्याचाही तारखेसह फोटो ठेवा.

समुद्र आपण थंड करू शकत नाही. त्याला तापवणारा धूरही आपल्या चुलीतून फारसा गेलेला नाही. पण पावसाळ्याच्या एखाद्या रात्री आपल्या गल्लीतली आजी अंधारात एकटी राहू नये, हे आपल्या हातात आहे. येत्या रविवारी विहारात एक कोरी वही घेऊन बसा आणि पहिल्या पानावर पहिले नाव लिहा.